एका माणसाचे चलन

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी यांना बढती मिळाली. सकाळी साडेनऊला हे ट्रामने कचेरीत गेले. दुपारी धाकट्या मालकांनी यांना आपल्या खोलीत बोलावले. संध्याकाळी हे संदेश मिठाईचा पुडा घेऊन घरी आले.

हे म्हणजे माझे पती. नाव घ्यायची सवय मला कधी नव्हती आणि आता लावून घ्यावी असे वय राहिलेले नाही. सत्तर साल नुकतेच उलटले होते. आम्ही भवानीपूरला एका तिमजली घराच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत राहत होतो. मूल नव्हते. यांची नोकरी एका खाजगी कारखान्याच्या हिशेबखात्यात होती. कारखाना हावड्याला, रेल्वेच्या मालडब्यांना लागणारे ओतीव लोखंडाचे भाग तिथे होत. कचेरी मात्र नदीच्या अलीकडे, डलहौसी भागात, एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होती. मालक दोघे भाऊ. थोरले आजारी असत, म्हणून सगळा कारभार धाकट्यांकडे. हे तिथे सतरा वर्षे होते. कारकून म्हणून लागले, हिशेबनीस झाले, आणि त्या सोमवारी कंपनीचे सेक्रेटरी झाले. पगारात साठ रुपये वाढ, आणि दारावर नावाची पितळी पाटी.

मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते आणि शाळेचे ग्रंथालय सांभाळत होते. माझा जन्म कलकत्त्यातलाच. माझे मराठी घरातल्या चार माणसांकडून आणि पुष्कळशा पुस्तकांतून आलेले. हे सांगलीचे. आमचे कशावरून वाजले की हे आधी विचारत, "आज छापील मराठीत भांडायचं की साध्या?"

त्या संध्याकाळी मी विचारले, "सेक्रेटरीला काय काम असतं?"

"करत होतो तेच. फक्त आता सही माझी."

हे यांनी इतक्या समाधानाने सांगितले की मी संदेश बशीत काढायला आत गेले आणि पुढे काही विचारले नाही.

त्याच आठवड्यातल्या रविवारी आमच्या मराठी मंडळात जेवण होते. कलकत्त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आमच्यासारखी कुटुंबे एका बाजूला बसत आणि बदलीवर आलेले बँकेतले, सरकारी खात्यांतले लोक दुसऱ्या बाजूला. श्रीखंड आले की दोन्ही बाजू एक होत. नागपूरचे एक गृहस्थ आयकर खात्यात अधिकारी होते. तीन वर्षांच्या बदलीवर आलेले, बोलके, खवय्ये. त्यांनी यांचे अभिनंदन केले आणि पुरी मोडता मोडता म्हणाले, "म्हणजे आता लोकांच्या पगारातून कर कापायचा आणि आमच्याकडे भरायचा, हे तुमच्या अंगावर. आपला संबंध आला म्हणायचा."

"भरणा आमच्याकडे कधी चुकत नाही," हे म्हणाले.

"नसेलच चुकत. आपलं उगीच बोललो. नाहीतर पंचाईत अशी, की कंपनीला काही तुरुंगात बसवता येत नाही. बसायला माणूस लागतो."

पंगत हसली. हे हसले. मीही हसले, कारण ते वाक्य चांगले होते.

पगारातून कापलेल्या कराचे पुढे काय होते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. माझा पगार इतका थोडा होता की त्यातून कर कापण्यासारखे काही नव्हते. मी समजत होते की पगाराच्या दिवशी कचेरीत दोन पेट्या असतील. एकीत लोकांचे पैसे, दुसरीत सरकारचे. मे महिन्यात एकदा हे जेवायला बसले असताना मी हे बोलून दाखवले. यांना इतके हसू आले की ताक सांडले.

"दुसरी पेटी नसतेच," हे म्हणाले. "असं बघ. वर्षाचा पगार किती होईल त्याचा आधी अंदाज करायचा. त्यावर वर्षाचा कर किती बसेल तो काढायचा, आणि त्याचे बारा भाग करायचे. एक भाग दर महिन्याला पगारातून वजा. मग बँकेतून काय आणायचं? वजा करून उरलं तेवढंच. तेवढ्याचाच चेक. दरवान आणि मी जातो, तेवढंच घेऊन येतो आणि वाटतो."

"आणि कापलेले?"

"ते कुठून आणलेलेच नसतात. ते मालकांच्या खात्यात असतात तसेच राहतात. मग आठवड्याच्या आत त्या रकमेचा वेगळा चेक लिहायचा, चलन भरायचं, बँकेत द्यायचं. बँक शिक्का मारते. शिक्का बसला की ते सरकारचे."

"आणि मधला आठवडाभर ते पैसे कोणाचे?"

यांनी घास हातात धरून थोडा विचार केला. "माणसाच्या हातून गेलेत, सरकारच्या हातात पोचले नाहीत. मालकांच्या खात्यात आहेत, एवढंच म्हणता येईल."

"म्हणजे कापले म्हणून सांगितलं आणि भरलेच नाहीत, तर कोणाला कळणार?"

"मला," हे म्हणाले.

माझा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा होता. पण हे लगेच उठून हात धुवायला गेले. पान आवरताना माझ्या लक्षात आले की भात तसाच राहिला आहे.

ते का, हे मला सप्टेंबरात कळले. एप्रिलचा पगार मेच्या सात तारखेला वाटला गेला होता, कर कापला गेला होता, आणि चलनाचा चेक यांनी तयार करून धाकट्या मालकांपुढे ठेवला होता. ते म्हणाले होते, रेल्वेचे बिल अडकले आहे, पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम भरू. पुढच्या महिन्यात तीन एकदम भरू असे झाले. तोपर्यंत सतरा वर्षांत असे घडले नव्हते. बढती ज्या महिन्यात झाली त्या महिन्याच्या पगारापासूनच भरणा थांबला होता. हे दोन्ही एकाशेजारी एक ठेवून आम्ही त्या वेळी पाहिले नाही. पाहिले असेल तर एकमेकांना सांगितले नाही.

"थोरल्या मालकांना का नाही सांगत?" मी विचारले.

"त्यांना बोलताना धाप लागते."

"मग धाकट्यांना ठणकावून सांगा."

"सांगितलं. ते म्हणाले, सेक्रेटरीबाबू, कारखाना चालू ठेवायचा की चलनं भरायची? तीनशे माणसं आहेत पलीकडे. तुम्ही सांगा, मी तसं करतो."

हावड्याला त्या दिवसांत फाटकांवर कुलपे दिसत. हे आठवड्यातून दोनदा पूल ओलांडून कारखान्यात जात आणि परत आल्यावर कोणत्या गल्लीतले कोणते फाटक बंद झाले ते सांगत. मग सांगायचे थांबले. दोन वेळा कामगारांनी घेराव घातल्यामुळे यांना घरी यायला उशीर झाला होता. त्याचे यांना भय वाटत नसे. "आत अडकलं की चहा तरी मिळतो," असे म्हणत. यांना भय वाटत होते ते फायलीचे. न भरलेली चलने यांनी एका फायलीत तारीखवार लावून ठेवली होती. दर महिन्याला एक वाढत होते.

आणखी एक गोष्ट मी पाहिली. यांची सही पूर्वी पूर्ण नावाची असे, शेवटी एक वळण घेऊन थांबणारी. त्या हिवाळ्यात ती आखूड होत गेली. आधी वडिलांचे नाव गेले, मग स्वतःच्या नावातली दोन अक्षरे. मी विचारले तर म्हणाले, "इतक्या सह्या कराव्या लागतात. लांब सही परवडत नाही."

वर्ष संपले की ज्यांचा कर कापला त्यांना दाखला द्यावा लागतो. त्यात पगार किती, कर किती, आणि शेवटी एक छापील ओळ: वरील कर कापण्यात आला असून सरकारी खजिन्यात भरण्यात आला आहे. पुढच्या मे महिन्यातल्या एका रविवारी हे असे चाळीसेक दाखले घरी घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर सही करत बसले. मी शेजारी मुलींच्या वह्या तपासत होते. त्यातला एक मी उचलून वाचला.

"भरण्यात आला आहे?" मी म्हटले.

"भरतील."

"पण इथे तर लिहिलंय—"

"काय लिहिलंय ते मला माहीत आहे. छापील आहे ते. दाखला नाही दिला तर चाळीस माणसं उद्या विचारतील का नाही दिला. मग काय सांगू? सांगितलं तर त्याच दिवशी फाटक बंद." हे पुढचा दाखला ओढून म्हणाले, "रेल्वेचं बिल आषाढात येतंय."

सगळ्यांत वरचा दाखला यांच्या स्वतःच्या नावाचा होता. इतरांच्याबरोबर यांचाही कर कापला जात होता आणि भरला जात नव्हता. आपल्याच दाखल्यावर आपलीच सही करून यांनी तो बाजूला ठेवला. मी परत वहीकडे वळले. त्या दिवशी मी कोणत्या मुलीला किती गुण दिले ते मला नंतर कधी आठवले नाही. एरवी मला अशा गोष्टी आठवतात.

दुर्गापूजा झाली, लक्ष्मीपूजा झाली, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी एक म्हातारे गृहस्थ आमचा जिना चढून वर आले. ते कारखान्यात आराखडे काढणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. आदल्या वर्षीच्या ऑगस्टअखेर निवृत्त झालेले. पूर्व बंगालमधून फाळणीनंतर आलेले, सियालदहच्या गाडीने दीड तास लागेल अशा वस्तीत राहणारे. धोतर, हातात छत्री, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जिन्याच्या पायऱ्या ते छत्रीच्या टोकाने मोजत आले. मला ते बौमा म्हणत. बंगाल्यांत सुनेला म्हणतात तसे. आम्ही बंगालीत बोललो, मी इथे मराठीत लिहिते आहे.

"बौमा, सेक्रेटरीबाबू घरी आहेत? की आहेत आणि मला दिसत नाहीत?"

हे समोरच उभे होते. यांनी त्यांना हात धरून खुर्चीत बसवले.

त्यांचे म्हणणे सोपे होते. वर्षभर नोकरी राहील असा अंदाज धरून पाच महिने त्यांच्या पगारातून कर कापला गेला. नंतर नोकरी संपली, पगार थांबला. पाच महिन्यांचा पगार एवढा नव्हता की त्यावर कर लागावा. तेव्हा कापलेले एकशे नव्वद रुपये सरकारने परत द्यायला हवेत. त्यांनी अर्ज केला, दाखला जोडला. कार्यालयातल्या बाबूने चार महिने फेऱ्या मारायला लावल्या, आणि मग सांगितले की कंपनीकडून भरणा आल्याची नोंदच सापडत नाही.

"मी त्याला म्हटलं, बाबा, दाखला तर बघ. तो म्हणाला, दाखला आहे, पैसे नाहीत. सेक्रेटरीबाबू, मी जन्मभर रेघा ओढल्या. माझी एक रेघ अशी नव्हती की जिच्याखाली पुढे लोखंड आलं नाही." ते हसले. "आता या तुमच्या कागदाखाली काही आहे का ते सांगा. डावा डोळा पौषात कापायचाय. डॉक्टर म्हणतो आधी पैसे, मग सुरी. मी म्हटलं, आधी सुरी लाव, म्हणजे पैसे मोजताना मला दिसतील तरी."

हे म्हणाले, "नोंद चुकली असेल. मी बघतो."

"बघा. तुम्हाला दिसतंय तोवर बघा."

ते गेल्यावर हे खिडकीपाशी उभे राहिले. कचेरीची वेळ टळून गेली. मी शाळेत जायला निघाले होते ती दारात थांबले. आणि मग मी बोलले. काय बोलले ते मला शब्दनशब्द आठवते.

"चाळीस जणांचे आपण भरू शकत नाही. पण यांचे भरू शकतो."

"कोण आपण?"

"माझे पोस्टात तीनशे आहेत."

"वेडी आहेस का? कंपनीचा कर आपण घरातून भरायचा?"

"मग तुम्ही त्यांच्या घरी जा आणि तोंडावर सांगा, तुमच्या दाखल्यात काही नाही म्हणून. सही माझी आहे, पण खाली काही नाही म्हणून."

हे माझ्याकडे बघत राहिले. "साध्या मराठीत भांडतेयस आज," असे म्हणाले, आणि टोपी घेऊन खाली उतरले.

चार दिवसांनी मी पोस्टातून पैसे काढले. यांनी कंपनीच्या नावाचे चलन लिहिले, सोबत कापलेल्या कराची यादी जोडली. यादीत नाव एकच. खाली यांची सही, हुद्दा, तारीख. बँकेच्या खिडकीत रोख एकशे नव्वद रुपये भरले, शिक्का मारलेली प्रत घेतली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः आयकर कार्यालयात जाऊन त्या बाबूला ती दाखवली. बाबू म्हणाला, एवढेच का? हे म्हणाले, बाकीचे मागून येत आहे.

त्या रविवारी आम्ही ढाकुरियाच्या तळ्यावर फिरायला गेलो. किती तरी महिन्यांनी गेलो होतो. यांनी शेंगदाण्याच्या दोन पुड्या घेतल्या आणि सगळा वेळ सांगलीच्या घाटाच्या गोष्टी सांगितल्या. मी शहाणपणाचे काम केले असे मला वाटत होते. इतिहास शिकवणाऱ्या बाईला असे वाटू नये, पण वाटत होते.

पौषात म्हाताऱ्यांचा डोळा झाला. आधी उसने घेऊन, कारण सरकारचा चेक माघात आला. चेक आल्यावर ते खजुराच्या गुळाची ढेप घेऊन आले. एका डोळ्याने त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतले. "बौमा, आवाजावरून मला वाटलं होतं तुम्ही गोऱ्या असाल. कोणी सांगितलं कसं नाही?" मग यांच्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही वाळलात. हे मात्र मला न बघताच कळलं होतं."

उन्हाळ्यात नोटीस आली. कंपनीच्या नावाने आली, पण खाली दुसरी एक होती, ती यांच्या नावाने. खात्याने कंपनीच्या दोन वर्षांच्या भरण्याची पाहणी केली होती. त्यांना त्यात एकच चलन सापडले होते.

नागपूरचे अधिकारी त्या सुमारास बदली होऊन जायच्या बेतात होते. त्यांचे आणि त्या कामाचे नाते नव्हते, तरी हे सल्ल्यासाठी त्यांना घरी बोलवायला गेले आणि ते आले. मी चहा केला. हे बोलत होते तोवर त्यांनी चहाला हात लावला नाही. सगळे ऐकून त्यांनी विचारले, "मालक काय म्हणतात?"

"ते म्हणतात, भरण्याचं सगळं सेक्रेटरी बघत होते. त्यांना वाटत होतं मी भरतोय."

"चेक न देता?"

"तोंडीच चालायचं सगळं. ते नाही म्हणाले की चेकबुक परत कपाटात जायचं."

अधिकाऱ्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "तुम्ही एकही भरलं नसतं ना, तर बरं झालं असतं. सांगता आलं असतं, मी नुसता सही करणारा, मालक भरत असतील अशी माझी समजूत. खोटं असतं, पण उभं राहिलं असतं. पण तुम्ही एकाचं भरलंत. म्हणजे बाकीचे भरलेले नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि ठाऊक असून चाळीस दाखले दिलेत. हे दुसऱ्या कोणी सिद्ध करायला नको. तुम्हीच शिक्क्यासकट करून ठेवलंय."

मी कपबशा उचलत होते.

"ते पैसे कुठले?" त्यांनी विचारले.

हे म्हणाले, "माझे. पगारातले."

मी ट्रे घेऊन आत गेले. ओट्यापाशी उभी राहिले. बाहेर त्यांचे बोलणे चालू होते, आणि मला बाहेर जाऊन सांगता आले असते. मी नळ सोडला.

त्या पावसाळ्यात कारखान्याला कुलूप लागले. मालक कुटुंबासह दुसऱ्या शहरात गेले. थोरले तिथे वारले असे कानावर आले. कोर्टात धाकट्यांच्या वतीने डॉक्टरांचे कागद येत राहिले. यांना मात्र दर तारखेला हजर राहावे लागे, आणि हे राहत. नोकरी गेलेली. ज्यांच्याकडे दाखले होते त्यांच्यापैकी काही जण आमच्या घरी येऊन बसत. शिव्या कोणी दिल्या नाहीत. एक जण फक्त रोज येई आणि पाणी मागून पीत बसे. मंडळात आमच्यासाठी जागा धरून ठेवणे बंद झाले. कोणी ठरवून केले असे नाही. माझ्या तीनशे रुपये पगारावर घर चालले. हे दुपारी दोन मुलांच्या शिकवण्या घेत.

आमच्या वकिलांचे म्हणणे होते की बायकोने गळ घातली म्हणून दयेपोटी एक रक्कम भरली, असे मी साक्षीत सांगावे. मग त्या चलनाचा अर्थ वेगळा लागेल. पोस्टाच्या नोंदीचा आधारही आहे. मी तयार होते. हे वकिलांना म्हणाले, "तिची शाळेची नोकरी आहे. तिला यात आणायचं नाही." वकील म्हणाले, "मग तुमचा बचाव काय?" हे म्हणाले, "नसला तरी चालेल."

घरी आल्यावर मी यांच्याशी भांडले. छापील मराठीत की साध्या, ते मला सांगता येणार नाही. हे ऐकत होते. शेवटी एवढेच म्हणाले, "सही माझी आहे."

म्हाताऱ्यांना सरकारी बाजूने साक्षीला बोलावले होते. तोवर त्यांचा उजवा डोळाही झाला होता. धुतलेले धोतर नेसून, छत्री न घेता ते पिंजऱ्यात उभे राहिले. यांच्याकडे पाहून त्यांनी हात जोडले. सरकारी वकिलाने विचारले, दाखला खोटा आहे हे तुम्ही आरोपीला सांगितले होते का?

"सांगितलं होतं. त्यांच्या घरी जाऊन सांगितलं."

मग काय झाले?

आणि मग म्हाताऱ्यांनी, यांना सोडवायचेच म्हणून, सगळे सांगितले. असा माणूस त्यांनी पाहिला नाही. मालकांनी बुडवले ते याने स्वतःच्या खिशातून भरले. स्वतः बँकेत गेला, स्वतः कार्यालयात गेला. "हुजूर, माझे डोळे यांनी दिलेत," ते म्हणाले. न्यायाधीश लिहून घेत होते. सरकारी वकिलाने आणखी एकही प्रश्न विचारला नाही. त्याने त्यांना नमस्कार केला आणि खाली बसला.

व्हरांड्यात म्हातारे मला म्हणाले, "नीट बोललो ना, बौमा?"

मी हो म्हटले.

निकाल लागायला आणखी काही वर्षे गेली. यांचे केस पांढरे झाले होते. न्यायाधीशांनी दोष सिद्ध धरला, दंड केला, आणि वय, आजवरची वागणूक वगैरे पाहून कोर्ट उठेपर्यंत कैद अशी शिक्षा दिली. अशी शिक्षा असते हे मला माहीत नव्हते. कोठडीत नेत नाहीत. त्या दिवशीचे काम संपून न्यायाधीश उठेपर्यंत माणसाने कोर्टातच बसायचे.

निकाल वाचून झाला तेव्हा साडेअकरा झाले होते. हे भिंतीकडच्या बाकावर बसले, शेजारी एक शिपाई. मी मागच्या बाकावर बसले. समोर दुसऱ्या लोकांची कामे चालू राहिली. विनापरवाना फेरीवाल्यांचे एक प्रकरण आले, मग कोणाच्या तरी सायकलीचे. दुपारी वीज गेली, पंखे थांबले, आणि शिपायाने आपल्या वर्तमानपत्राची अर्धी घडी यांना वारा घ्यायला दिली. यांनी ती हातात धरली, वारा घेतला नाही. मागे वळून एकदाही पाहिले नाही. मला वाटते, तसे केले तर चालते की नाही हे यांना ठाऊक नव्हते. यांनी कोणालाही विचारले नाही.

पाचला दहा मिनिटे कमी असताना न्यायाधीश उठले. सगळे उभे राहिले. हे सर्वांच्या नंतर उठले, पाय बधिर झाला होता. शिपाई म्हणाला, "जा बाबू, झालं."

आम्ही ट्रामने घरी आलो. यांनी तिकिटे काढली. वाटेत हे म्हणाले की घरी दूध नसेल, कोपऱ्यावर उतरू.

त्यानंतर हे पुष्कळ वर्षे जगले. शिकवण्या करत, बाजार करत, संध्याकाळी मला पेपर वाचून दाखवत. त्या चलनाचा विषय यांनी माझ्याजवळ कधी काढला नाही, आणि मी दोनदा काढला तेव्हा दोन्ही वेळा हे उठून दाराची कडी लागली आहे का ते पाहून आले. यांच्या मनात माझ्याविषयी राग होता की नाही, हे मला कळलेले नाही. असता तर मला बरे वाटले असते असे नाही. पण काहीतरी हाती लागले असते. यांना जाऊन चौदा महिने झाले. मी हे हळूहळू लिहिते आहे, एका दिवसाला चार-पाच ओळी, कारण यांच्या बाजूने काय लिहावे ते मला यांना विचारता येत नाही.

नागपूरचे अधिकारी गेले, वकील गेले, म्हातारे तर केव्हाच गेले. कोर्टाच्या कागदांत पैसे यांचेच आहेत. एका माणसाचे भरा असे मी सांगितले होते, हे माहीत असलेली आता मी एकटी आहे.